गाडीचे टायर कधी आणि कसे बदलावेत?



पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील आपल्या बहुतेक घरांसमोर आज एक तरी चारचाकी उभी असते. घरात दोघेच ज्येष्ठ, मुले मुंबई-पुण्याला किंवा परदेशात. गाडी बाजाराला, बँकेत, डॉक्टरकडे, देवळात आणि एखाद्या लग्नाला जाते. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. मग चवथीला, शिगम्याला किंवा जत्रेला मुले येतात आणि तीच गाडी घेऊन बेळगाव, कोल्हापूर, पंढरपूर गाठतात. आठ महिने गावात वीस-तीसच्या वेगाने फिरलेली गाडी एका दिवसात चोर्ल्याचा घाट चढते आणि पुढे महामार्गावर शंभरने धावते. तिचे टायर मात्र सात-आठ वर्षांपूर्वीचे, गाडीबरोबर आलेले असतात.

इंजिन ऑईल, बॅटरी, ब्रेक यांची आठवण सर्व्हिस सेंटर करून देते. टायरकडे आपण पंक्चर झाल्यावरच पाहतो. गाडी आणि रस्ता यांचा संबंध चार ठिकाणी येतो, आणि प्रत्येक ठिकाणची जागा साधारण आपल्या तळहाताएवढी. ब्रेक कितीही चांगले असोत, गाडी शेवटी तेवढ्याच रबरावर थांबते. म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

टायर फुटणे ही ‘देवाची करणी’ नाही

अपघात झाला की ‘टायर फुटला, त्याला कोण काय करणार’ असे आपण सहज म्हणतो. कायदा तसे मानत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी दरीत गेली आणि आत बसलेला अडतीस वर्षांचा तरुण दगावला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्याच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, असे तिचे म्हणणे होते. २०२३ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. टायर फुटण्यामागे अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी कारणे असतात, आणि प्रवासाआधी टायरची स्थिती पाहणे हे चालक-मालकाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय. गोव्याचे खंडपीठही याच उच्च न्यायालयाचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

आणखी एक उदाहरण पाहा. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी सकाळी नागपुरात समृद्धी महामार्गाच्या पहिल्या टप्प्याचे आणि त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या मोपा विमानतळाचे उद्घाटन केले. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. सुरुवातीच्या महिन्यांत तिथे इतके अपघात झाले की परिवहन खात्याला महामार्गाच्या तोंडाशी गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली. गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. आपल्याकडेही पत्रादेवी ते धारगळ, कोलवाळ हा राष्ट्रीय महामार्ग ६६ रुंद झाला, मोप्याचा रस्ता झाला, आणि पेडण्यातील गाड्यांचा वेग वाढला. रस्ता नवा झाला, पण टायर जुनेच राहिले.

पहिली तपासणी : खाचा किती उरल्या?

नव्या मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली साधारण सात ते आठ मिलिमीटर असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ व्या नियमाप्रमाणे चारचाकीच्या टायरवर ही खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. दुचाकी आणि तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे.

मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. टायरच्या मुख्य खाचांमध्ये बोट फिरवले की ठरावीक अंतरावर रबराचे लहान उंचवटे हाताला लागतात. त्यांची जागा दाखवण्यासाठी टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे असतात. वरची नक्षी झिजत झिजत या उंचवट्यांच्या पातळीला आली की कायद्याने टायरचे आयुष्य संपले. एका खाचेत पाहून थांबू नये. आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी पाहावे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवले की पुढच्या चाकांची आतली कडही दिसते.

मात्र १.६ मिलिमीटर ही कायद्याची शेवटची सीमा आहे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. टायरवरच्या खाचा या पाण्यासाठीच असतात. चाक फिरताना खालचे पाणी त्यांतून बाजूला फेकले जाते आणि रबर रस्त्याला टेकते. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर जायला वाट उरत नाही. वेग वाढला की चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते. अशा वेळी स्टिअरिंग एकदम हलके लागते, ब्रेक दाबून उपयोग होत नाही. म्हणून आपल्याकडच्या पावसात खाचा तीन मिलिमीटरवर आल्या की टायर बदलण्याची तयारी करावी. डिचोली भागात खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवर सांडलेली माती पहिल्या पावसात लाल चिखलाचा निसरडा थर धरते. तिथे झिजलेल्या टायरची परीक्षा आणखी कडक होते. टायर बदलायचे असतील तर ते मे महिन्यात बदलावेत, ऑक्टोबरची वाट पाहू नये.

दुसरी तपासणी : वय

आपल्या सभासदांच्या बाबतीत ही सर्वांत महत्त्वाची आहे. कमी चालणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत असते. पाहणारा म्हणतो, ‘टायर नवेच तर आहेत.’ पण रबर केवळ चालवल्याने झिजत नाही, ते पडून राहूनही म्हातारे होते. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते हळूहळू कडक आणि ठिसूळ होते. टायर बनवताना रबरात संरक्षक मेण आणि रसायने मिसळलेली असतात. चाक फिरते, रबर दबते-सुटते, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला हे संरक्षण नीट मिळत नाही. शिवाय एकाच जागी वजन पडून टायर तिथे चपटा होऊ शकतो.

टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ किंवा तत्सम अक्षरांच्या पुढे लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, अर्थात त्या वर्षीचा जून महिना. काही टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू गाडीच्या आत गेलेली असते. तसे असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली असताना वाचून घ्यावेत.

ढोबळ नियम असा ठेवावा. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत. सहा वर्षांनंतर बदलण्यासाठी पैशांची तरतूद सुरू करावी. अनेक वाहन उत्पादक सहाव्या वर्षानंतर बदलण्याचाच सल्ला देतात. दहा वर्षे झालेला टायर दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाकावा, असे टायर कंपन्याही सांगतात. स्टेपनीलाही हाच नियम लागू होतो. डिकीत दहा वर्षे झोपलेली स्टेपनी ऐन वेळी घाटात कामाला येईलच याची खात्री नाही.

तिसरी तपासणी : अंगावरच्या खुणा

टायर कसा झिजला आहे यावरून गाडीचे दुखणे कळते.

दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग चांगला : हवा कमी ठेवली जाते.

मधला भाग झिजला, कडा चांगल्या : हवा जास्त भरली जाते.

एकच कड झिजली : चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे.

ठिकठिकाणी खोलगट चट्टे : बॅलन्सिंग किंवा शॉकअॅब्सॉर्बर तपासा.

अशी झीज दिसली की आधी मूळ दोष दुरुस्त करावा, नाहीतर नवा टायरही त्याच वाटेने जातो.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र दुरुस्तीचा विचार करू नये. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेले असतात. खड्ड्यात चाक जोरात आपटले किंवा फुटपाथच्या कडेवर घासले की असे होते. तो फुगा कधीही फुटू शकतो. भिंतीवर खोल चीर पडून आतले दोरे दिसत असतील तर तोही टायर बाद. आपल्याकडे अंगणाच्या कठड्याला आणि गटाराच्या कडेला जांभ्या दगडाचे चिरे असतात. त्यांच्या धारेला टायर घासून गाडी लावण्याची सवय सोडावी. सर्व बाजूंनी केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या तर ती वयाची खूण समजावी.

पंक्चरच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे. रस्त्याला टेकणाऱ्या भागातले, साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचे छिद्र दुरुस्त होते. भिंतीवरचे किंवा खांद्यावरचे होत नाही. बाहेरून दोरी घालून केलेली दुरुस्ती घरी पोचण्यापुरती ठीक. नंतर टायर रिमवरून काढून आतून पॅच लावून घ्यावा. त्याच वेळी आतला भाग पाहता येतो. हवा नसताना थोडे अंतर जरी चालवले असेल तरी आतून भिंत चिरडलेली असू शकते.

हवा : सर्वांत स्वस्त विमा

टायर फुटण्याचे एक मोठे कारण जास्त हवा असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात कमी हवा अधिक घातक. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला भिंत जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि आतले थर सुटू लागतात. वेग, भरलेली गाडी आणि उन्हात तापलेला रस्ता यांची भर पडली की टायर फुटतो.

आपल्या गाडीला किती हवा हवी ते चालकाच्या दारालगतच्या खांबावरील पट्टीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते. दोन माणसांसाठी वेगळा आकडा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. टायरच्या भिंतीवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी, टायर थंड असताना म्हणजे सकाळी निघताच जवळच्या पंपावर हवा तपासावी. चालून गरम झालेल्या टायरमध्ये आकडा काही अंकांनी वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढू नये. चांगला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा सोडतो. म्हणजे सहा महिने न पाहिलेल्या टायरमध्ये हवा बरीच उतरलेली असणार. नायट्रोजनचा आग्रह धरण्याची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मांद्रे, मोरजी, हरमल अशा किनारी भागात खाऱ्या हवेने लोखंडी रिमला गंज चढतो आणि टायर जिथे रिमला बसतो तिथून हवा झिरपते. पंक्चर नसताना हवा वारंवार उतरत असेल तर रिमची कड साफ करून घ्यावी.

नवे टायर घेताना

जुन्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असा मजकूर असेल तर त्याचा अर्थ असा : रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, रिम १५ इंची. ८८ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगक्षमता. टी असेल तर १९०, एस असेल तर १८०. वाहन कंपनीने सांगितलेला आकार घ्यावा. भार आणि वेगाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये. दुकानदार ‘हाही बसतो’ म्हणाला तरी बसणे आणि पेलणे यांत फरक आहे.

आयएसआय चिन्ह पाहावे. उत्पादनाचा आठवडा दुकानातच वाचावा आणि शक्यतो काही महिन्यांपूर्वीचाच टायर मागावा. ऊन न लागणाऱ्या गोदामात नीट ठेवलेला टायर वर्षभराने खराब होत नाही, पण आपण पूर्ण किंमत देतो तेव्हा ताजा माल मागण्यात गैर काही नाही. एमआरएफचा कारखाना तर आपल्या शेजारी फोंडा तालुक्यात उसगावलाच आहे. इतर भारतीय आणि परदेशी कंपन्यांचे टायरही म्हापशापर्यंत सहज मिळतात. नामांकित कंपनीचा, योग्य आकाराचा आणि ताजा टायर असला की पुरे. जुने, दुसऱ्याने वापरलेले टायर स्वस्तात मिळतात, ते घेऊ नयेत. त्यांचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो.

बिल पक्के घ्यावे, त्यावर टायरचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत. त्याशिवाय वॉरंटीचा दावा अडतो. बसवताना व्हॉल्व्ह नवे घालावेत, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळलेले असावेत, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावेत. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला थोडा गुळगुळीत असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने चालवावे. त्यानंतर दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी.

दोनच बदलायचे असतील तर

चारही एकदम बदलणे उत्तम. दोनच घ्यायचे झाले तर एकाच आसाची जोडी घ्यावी, एकाच कंपनीची आणि एकाच नक्षीची. ही नवी जोडी कुठे बसवावी? पुढच्या चाकांवर, असे बहुतेकांना वाटते, कारण स्टिअरिंग आणि इंजिन पुढे. टायर कंपन्यांचा सल्ला उलट आहे : नवे टायर मागे. पुढचे टायर पाण्यावर घसरले तर गाडी सरळ जाते, चालकाला ते जाणवते आणि पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला की ती सावरते. मागचे घसरले तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. घाटातल्या ओल्या वळणावर हा फरक जिवाचा असतो.

पैशांची बाजू

नव्या टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बदल पुढे ढकलत आलेल्यांसाठी हे एक निमित्त आहे.

विम्याबाबत मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत केवळ टायर फुटला किंवा फाटला तर भरपाई मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तरच मिळते, आणि तीही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. टायरसाठी वेगळे जादा संरक्षण घेता येते, पण त्यातील अटी नीट वाचून घ्याव्यात. झिजलेल्या टायरची भरपाई तिथेही नसते.

घरखर्चाच्या वहीत टायरसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला काढली की सहाव्या वर्षी चार टायरचा खर्च एकदम अंगावर येत नाही. गाडीच्या कागदपत्रांबरोबर एक कागद ठेवावा. त्यावर प्रत्येक टायरचा आठवडा-वर्ष, बसवल्याची तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर लिहावे. मुले गाडी न्यायला आली की त्यांनाही तो कागद दाखवता येतो.

वाटेत प्रसंग आला तर

चालत्या गाडीचा टायर फुटला तर ब्रेकवर जोरात पाय देऊ नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरावे, अॅक्सिलरेटर सोडावा आणि गाडी आपोआप मंद होऊ द्यावी. मग हळूच कडेला घ्यावी.

स्टेपनी बदलायची तर जागा सपाट आणि रुंद हवी. चोर्ला किंवा आंबोलीच्या वळणावर बदलू नये. टायर वाया गेला तरी चालेल, पण गाडी सावकाश पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत न्यावी. धोक्याचे दिवे लावावेत, मागे त्रिकोण ठेवावा, सर्वांना रस्त्यापासून दूर उभे करावे. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि तिरक्या बाजूच्या चाकाला दगड लावावा. नट आधी थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालू नयेत. ज्येष्ठांनी हे काम स्वतः करण्याचा हट्ट धरू नये. घाटाच्या काही टप्प्यांत मोबाईलला रेंज नसते, म्हणून ओळखीच्या गॅरेजचा क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घ्यावा. अडचणीत ११२ हा क्रमांक आहेच.

काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसते. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनीची सक्ती २०२० च्या नियमबदलाने उठली आहे. आपल्या गाडीत काय आहे ते अंगणातच उघडून पाहावे. लहान आकाराची स्टेपनी असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी.

काढलेले टायर

जुने टायर दुकानदाराकडेच द्यावेत. परसात ठेवले तर पावसाचे पाणी साचून डेंग्यूच्या डासांची पैदास होते. होळीत किंवा नरकासुराबरोबर ते जाळू नयेत. तो धूर लहान मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या छातीत जातो.

आजच करण्याजोगे

अंगणात जाऊन चार आणि डिकीतला एक अशा पाचही टायरांचे आकडे वाचावेत, खाचांत बोट फिरवावे, भिंतींवर हात फिरवावा. दहा मिनिटांचे काम आहे. महिनाभर उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या गाडीवरही नजर टाकावी आणि त्याला सांगावे. यंदाच्या चवथीला आपली माणसे घाट चढून येतील आणि आरत्या झाल्यावर पुन्हा घाट उतरून जातील. त्यांचा जाता-येताचा प्रवास सुखाचा होवो, ही श्री भगवती आणि श्री लईराईचरणी प्रार्थना.